सेव्दा आता वेळेवर येते

आमच्या गावात दोन्काला ओळखत नाही असं कुणी नाही. तिच्या हाताखाली एकदाही काम केलं नाही, अशी बाईही शोधूनच काढावी लागेल. गाव बाल्कनच्या डोंगराच्या पायथ्याशी, पाणी गोड, रस्ते भिकार, आणि पोटापाण्याला जागा एकच, स्तामेनचा शिलाई कारखाना. पूर्वी तो सरकारी होता. सरकार पालटलं, फाटकावरची पाटी पालटली, मालक आला, पण मशिनी त्याच राहिल्या आणि मशिनींबरोबर दोन्काही राहिली. पोरवयात बटणं लावायला म्हणून आलेली ही बाई केस पिकेपर्यंत तिथेच मुकादम झाली.

दोन्का कधी उशिरा आल्याचं कुणाला आठवत नाही. बर्फात आली, तापात आली. नवरा इल्को गेला त्याच आठवड्यात काळा रुमाल बांधून मशिनींच्या रांगेत उभी राहिली. बाया म्हणायच्या, कोंबडा दोन्काला बघून आरवतो. हे ऐकलं की ती तोंडावर रागवायची आणि मनात सुखावायची. वेळेवर येण्याचा तिला गर्व होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आणि अशा बाईच्या नशिबी सेव्दा आली.

सेव्दा कॉलर लावायची. गोरी, भरल्या अंगाची, मोठमोठ्यानं हसणारी. नवरा परदेशात इमारतींना रंग द्यायला गेलेला, मूलबाळ नाही, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. हात असा की तिनं लावलेली कॉलर उलटून बघायची गरज पडू नये. पण वेळेच्या नावानं आनंद. तिच्या उशिरामागे काही दुःखद गोष्ट असेल असं समजू नका, आम्हीही शोधून थकलो. तिला उठवत नसे, एवढंच. उठली की कानातलं एक सापडत नसे. सापडलं की वाटेत कुणीतरी भेटे, आणि भेटलेल्या माणसाला विचारपूस न करता ओलांडून जाणं सेव्दाला जन्मात जमलं नाही.

"आज काय झालं?" दोन्का दारातच विचारायची.

"ताई, मांजर व्यायली."

"गेल्या महिन्यातही व्यायली होती."

"ती शेजारणीची. माझी आज व्यायली."

सगळी रांग खुसखुसायची आणि दोन्का कपाळावर हात मारून घ्यायची.

उपाय करायचे तेवढे तिनं केले. आधी समजावलं, मग ओरडून पाहिलं. मग नियम काढला, उशिरा येईल तिनं सगळ्यांना कॉफी पाजायची. सेव्दानं हौसेनं पाजली, वर घरचा केकही आणला, आणि कॉफीच्या नादात सगळ्यांचीच सकाळ गेली. पुढे पुढे तर बाया सेव्दाच्या उशिराची वाट बघायला लागल्या. मग दोन्कानं दाराला आतून कडी घातली. सेव्दा इस्त्रीखोलीच्या खिडकीतून चढून आली. चढताना स्कर्ट फाटला, आणि तो शिवायला निम्मी रांग उठली. शेवटी दोन्कानं भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. आठवड्याभरात सगळ्या गावाला ते कळलं. बाकीच्या बायाही सैलावल्या. सेव्दाला चालतं मग आम्हाला का नाही, असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण पाय रेंगाळत होते.

कॉलर झाल्याशिवाय पुढच्या बाईला बाही लावता येत नाही. सेव्दा नाही म्हणजे तिच्यापुढची सगळी रांग हातावर हात ठेवून बसलेली. इटलीचा माल ठरल्या दिवशी गेला नाही, तेव्हा स्तामेननं दोन्काला बोलावून घेतलं.

"दोन्काबाई, आता पुरे झालं. ती बाई यापुढे एकदा जरी उशिरा आली, तर तिला घरी बसवायचं. आणि हे तिला तुम्हीच सांगायचं."

"हात सोन्याचा आहे हो तिचा."

"हात कारखान्यात असला तर ना! घरी अंथरुणात पडलेला हात मला काय कामाचा?"

दोन्का बाहेर आली. आता सेव्दाला समोर बसवायचं आणि सरळ सांगायचं, की बाई, तुझी नोकरी जातेय, उद्यापासून ये वेळेवर. एवढंच होतं. पण दोन्काला ते जमलं नाही. ओरडणं जमायचं, टोमणा जमायचा, पण कुणाच्या तोंडावर शांतपणे कडू बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. ती स्वतःला म्हणाली, हिला हसण्याची भाषा कळते. चारचौघींत अशी फजिती करू की आयुष्यात विसरायची नाही. घरी बसण्यापेक्षा फजिती बरी.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा कागद लागतो. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव आणि चार दुःखाच्या ओळी. घराच्या दारावर, बस थांब्यावर, झाडांवर, आणि माणूस कामाला होतं त्या फाटकावर. वर्षश्राद्धाला पुन्हा नवा कागद. गावात फिरताना गेलेली माणसं जागोजागी भेटत राहतात. आणि कागदावरचा मजकूर कुणी वाचत नाही. चौकट आणि चेहरा दिसला की टोपी उतरते, हात छातीवर क्रूस काढतो. दोन्कानं इल्कोचे कागद दरवर्षी कारखान्याच्या फाटकावर स्वतःच्या हातानं चिकटवले होते. तिला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. ती स्वतःही म्हणत नाही.

तिनं असाच कागद सेव्दाचा केला. महिला दिनाच्या जेवणातला हसरा फोटो होता, तो दिला आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या मीम्काकडून काळ्या चौकटीत बसवून घेतला. मीम्काला वाटलं गंमत आहे. खाली दोन्कानं लिहून दिलं होतं: 'अत्यंत दुःखाने कळवतो की आमची लाडकी सकाळची पाळी सेव्दाच्या हातून आज पुन्हा निवर्तली. अंत्यदर्शन सेव्दा उगवेल तेव्हा, तिच्या मशीनवर. शोकाकुल, बाहीवाल्या.'

सोमवारी सकाळी तिनं तो फाटकाला लावला. बाया आल्या, वाचलं, पोट धरधरून हसल्या. एकीनं खोटं खोटं रडून दाखवलं. एक म्हातारी बाई मात्र पुटपुटली, "असली चेष्टा करू नये गं," आणि अपशकुन टळावा म्हणून बोटांनी लाकूड ठोकून आत गेली. मशिनी सुरू झाल्या. दोन्का वरच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. सेव्दाचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं.

गल्लीच्या टोकाला कुणीतरी दिसलं. सेव्दा नव्हती, नायदेन होता.

नायदेन म्हणजे सेव्दाचा बाप, डोंगरावरच्या वरच्या गावात एकटा राहणारा. दोन्काही मूळची त्याच गावची. तिच्या लग्नात त्यानं सनई फुंकली होती. एरवी तो शनिवारी बाजाराला उतरायचा. पण हिवाळ्याच्या चटणीच्या लाल मिरच्या एकदम पिकल्या होत्या, म्हणून तो पहिल्याच बसनं पोतं खांद्यावर टाकून निघाला होता. घरी गेला नाही, थेट कारखान्यावर आला. कारण या वेळी पोरगी कामावरच असणार, अशी त्याची खात्री होती. आपली मुलगी वेळेवर जाते असं दुनियेत एकट्या तिच्या बापालाच वाटायचं.

फाटकापाशी येऊन त्यानं पोतं खाली ठेवलं. घंटी दाबायला हात उचलला आणि तसाच ठेवला. मग हळूहळू डोक्यावरची टोपी काढली.

दोन्का काचेशी वाकली. म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही हे तिला माहीत होतं. चौकट दिसते, चेहरा दिसतो. त्यानं कागदावर तळवा ठेवला, फोटोच्या गालावर, आणि काढलाच नाही. मग त्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. त्याला दोन्का दिसली. त्याचा सगळा चेहरा विचारत होता.

खिडकी उघडायची होती. नुसतं ओरडायचं होतं, काका, चेष्टा आहे, खोटं आहे! एक शब्द पुरला असता. दोन्काला म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा देववेना. लाजेनं तिची मान खाली गेली.

पुन्हा बघितलं तेव्हा नायदेन मिरच्यांच्या पोत्याशेजारी फुटपाथच्या कडेला बसला होता. टोपी गुडघ्यावर, पाय लांब केलेले.

जायला हवं होतं. जिना तो केवढा! पण खाली जाऊन सांगायचं काय? तुमच्या जिवंत लेकीचा कागद मी लावला, गंमत म्हणून? ती स्वतःला म्हणाली, आत्ता येईल सेव्दा. ती आली की सगळं आपोआप उलगडेल, हसतील, रडतील, मला बोल लागतील पण एवढे नाही लागणार. आत्ता येईल. आणि जसजशी ती थांबत गेली तसतसं जाणं अवघड होत गेलं, कारण आता चेष्टेबरोबर थांबण्याचाही जाब द्यावा लागणार होता. आयुष्यभर जी बाई सेव्दाच्या नावानं खडे फोडत आली, ती त्या दिवशी पडद्याआड उभी राहून देवाचा धावा करत होती. देवा, आज तरी हिला वेळेवर आण!

सेव्दा उशिराच आली. हातात कागदात गुंडाळलेली चीजची गरम वडी, तोंड भरलेलं. कोपऱ्यावरून वळली आणि तिथूनच ओरडली, "बाबा! तुम्ही इथे काय बसलाय? सोमवारचं?"

म्हातारा उठला नाही. सेव्दा त्याच्यापुढे उकिडवी बसली, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला, कपाळ, कान, गाल. आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मशिनींच्या आवाजातूनही आत आला. सगळ्या बाया आधी खिडक्यांशी आणि मग फाटकाकडे धावल्या.

दोन्काही जिना उतरून त्यांच्याबरोबर धावली. धापा टाकत फाटकाशी आली आणि म्हणाली, "अगं बाई, काय झालं?"

हे वाक्य तिला अजून झोपू देत नाही. जित्या माणसाचा मरणाचा कागद लावला ते एक पाप, वर उभी राहिली ते दुसरं. पण काही माहीतच नसल्यासारखं "काय झालं" म्हणून विचारलं, ते तिला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं.

बायांनी म्हाताऱ्याला आत आणलं, कॉफी दिली, स्तामेननं कपाटातून राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली काढली, आणि सेव्दाचा त्या दिवशीचा उशीर त्यानंही मोजला नाही. ज्याच्या मरणाची खोटी बातमी येते तो शंभरी गाठतो, असं जो तो सांगायला लागला. दोन्कानं कागदाची कबुली तेव्हाच दिली. देणं भागच होतं, सगळ्यांना माहीत होतं. ती सेव्दापुढे हात जोडून रडली. सेव्दा आधी पांढरीफटक होती, मग तिनं फाडून आणलेल्या कागदाकडे नीट पाहिलं.

"फोटो बाकी झकास आलाय, ताई," ती म्हणाली. "खरी मेले की हाच लावा. जाऊ द्या, माझंच चुकलं. मी वेळेवर आले असते तर बाबांना कुणी बसवलं असतं तिथे?"

ती असं म्हणाली आणि दोन्कानं तिला म्हणू दिलं. नायदेन राकियाचा पेला हातात धरून जमिनीकडे बघत होता. त्यानं दोन्काकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सेव्दा वेळेवर यायला लागली. वेळेवर म्हणजे सगळ्यांच्या आधी. दोन्का किल्ल्या घेऊन फाटकाशी यायची तर ही थंडीत हात चोळत उभीच. बायांनी पैजा लावल्या, चार दिवस टिकेल, फार तर आठ. पण ती येतच राहिली.

"उठतेस तरी कशी गं?" एकीनं विचारलं.

"मी कुठली उठतेय! बाबा फोन करतात, अंधारातच. जिवंत आहेस का म्हणून नाही विचारत, उठलीस का म्हणतात. मी हो म्हटलं की गप्प बसतात. पण फोन ठेवत नाहीत. मी चूळ भरते, केस विंचरते, भांडं आपटते, सगळं ऐकत बसतात. मग कसली झोप येतेय!"

बाया हसल्या. दोन्का कापडाच्या गठ्ठ्याआड गेली आणि उगाचच तागे मोजत राहिली.

स्तामेन खूश झाला. माल ठरल्या दिवशी जायला लागला. बाकीच्या बायाही सुतासारख्या सरळ झाल्या होत्या. त्यानं सगळ्यांसमोर दोन्काचं कौतुक केलं. "माणसं कशी हाताळायची ते दोन्काबाईंकडून शिका," म्हणाला आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात टाळ्या सेव्दानं वाजवल्या. दोन्काला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नोव्हेंबरात पितरांचा शनिवार आला. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर उकडलेले गहू, पाव आणि वाइन घेऊन जातात, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर घास ठेवतात. इल्को वरच्या गावात पुरलेला. त्याच्याच ओळीत, थोडं पलीकडे, सेव्दाची आई. दोन्कानं मेणबत्ती लावली, वाइन ओतली, आणि तिची नजर राहून राहून तिकडे जात होती. सेव्दा बादली घेऊन नळावर गेली तेव्हा ती मन घट्ट करून नायदेनपाशी गेली.

"काका, मला बोलायचंय."

"बोल की. मी काय पळून चाललोय?"

"त्या दिवशी मी वर खिडकीत..."

"होतीस. बघितलं मी." तो साखर घातलेले गहू वाडग्यात कालवत होता. "मला अक्षर काही दिसेना. वर बघितलं, तर तू. म्हटलं, दोन्का आहे, आपल्या गावची आहे, हिला माहीत असणार. खोटं असेल तर ओरडून सांगेल. तू मान खाली घातलीस. तेव्हा मला पटलं, पोरगी गेली."

"मला लाज वाटत होती, काका. भीती नाही, लाज. खाली यायची लाज वाटली."

"असेल."

"मी सेव्दाला सगळं सांगते. आजच. ती स्वतःला बोल लावते हो, उशिरा आले म्हणून बाबा बसले म्हणते. मला ऐकवत नाही."

"सांगू नकोस."

"काका..."

"तू सांगशील, रडशील, मोकळी होशील. आणि ती? माझी पोरगी आहे, चेष्टा विसरते, पण हे नाही विसरायची. त्याच पावली काम सोडेल. या गावात दुसरं काम आहे कुठे? मग जाईल नवऱ्यामागं तिकडे, रंगाच्या डब्यांत." त्यानं चमचा वाडग्यावर ठेवला. "आणि पहाटे मी कुणाला उठवू?"

नळाकडून सेव्दाचं हसणं ऐकू आलं. वाटेत कुणीतरी भेटलं होतं तिला.

"मग मी काय करू?" दोन्कानं विचारलं.

"काही करू नकोस. सकाळी ती आली की 'ये' म्हण."

त्यानं चमचाभर गहू तिच्या हातावर ठेवले, जसे सगळ्यांच्या हातावर ठेवत होता तसेच, आणि पुढच्या बाईकडे वळला.

सोमवारी धुकं होतं. दोन्का रोजच्यापेक्षा लवकर निघाली. निदान एक दिवस तरी आपण आधी पोचावं, फाटक उघडून आत जावं, म्हणजे तिथे दोघींना समोरासमोर उभं राहायला नको. पण धुक्यातून फाटक दिसायला लागलं आणि सेव्दाही दिसली. मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला, पाय आपटत होती. तिच्या मागे, जिथे तो कागद होता, तिथे खळीचा चौकोन अजून तसाच होता. दोन्कानं तो दोनदा गरम पाण्यानं घासला होता, तरी निघाला नव्हता.

"आजही तुमच्या आधी, ताई!" सेव्दा ओरडली. "बाबा म्हणाले, दोन्काला नमस्कार सांग. आता तरी शाब्बास म्हणा!"

दोन्काची मान खाली होती. हातातली किल्ली कुलपात जाईना. सेव्दानं ती घेतली, फाटक उघडलं, आणि आत न जाता दार धरून हसत उभी राहिली. मुकादम आधी आत जाणार, हा रिवाजच होता.

दोन्का बाजूला झाली. मोठ्या कष्टानं तिनं मान वर केली आणि म्हणाली, "शाब्बास. ये."